सोसायटीच्या नोटिशीतलं ‘इज टू’, ‘आर टू’, ‘वॉज टू’: कुठे चालतं, कुठे नाही?

दुसरा_मजला_मुलुंड

आमच्या सोसायटीच्या नोटिसा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लागतात. इंग्रजी मसुद्यात इज, आर, वॉज यांच्यापुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं की कमिटीत दर वेळी वाद होतो. सध्याच्या मसुद्यांतली वाक्यं खाली देतोय. कोणतं चूक, कोणतं बरोबर, आणि मुख्य म्हणजे का, ते हवंय.

१. द ॲन्युअल जनरल मीटिंग इज टू हेल्ड ऑन संडे.
२. मेंबर्स विल बी टू पे द रिपेअर फंड फ्रॉम ऑक्टोबर.
३. इट इज टू रेन हेविली फ्रॉम थर्सडे, सो ऑल कार्स आर टू बी रिमूव्ह्ड फ्रॉम द बेसमेंट.
४. टेनंट्स आर नॉट टू यूज द टेरेस.
५. द वॉटर टँक वॉज टू बी क्लीन्ड लास्ट संडे.
६. इफ द लिफ्ट इज टू बी रिपेअर्ड बिफोर गणपती, द कमिटी मस्ट पास द कोटेशन धिस वीक.

चौथ्याचा अर्थ ‘गच्ची वापरायची गरज नाही’ असा होतो, असं एका सभासदाचं म्हणणं आहे. पाचव्यावर ‘टाकी धुतली की नाही ते नीट लिहा’ अशी चिठ्ठी आली. सहाव्यात ‘इज’ हवं की ‘वेअर’? आणि पेपरात ‘सीएम टू इनॉगरेट’ असं छापतात, त्यातला ‘इज’ कुठे जातो?

खडूफळा

आधी रचना बघू, म्हणजे पहिली दोन वाक्यं लगेच सुटतील.

या प्रयोगात ‘टू’च्या आधी पाचच रूपं येतात: ॲम, इज, आर, वॉज, वेअर. त्या जागी ‘बी’, ‘बीइंग’, ‘बीन’ बसत नाहीत. म्हणून ‘विल बी टू पे’, ‘मे बी टू पे’, ‘हॅव बीन टू पे’ हे सगळं बाद. कॅन आणि मस्ट ज्या पंगतीत बसतात त्याच पंगतीतलं हे आहे. ‘विल मस्ट’ होत नाही, तसं ‘विल बी टू’ही होत नाही. शिवाय पुढची गोष्ट ‘आर टू’मध्ये आधीच आलेली असते, वेगळा ‘विल’ लागतच नाही. दुसरं वाक्य असं करा: ‘मेंबर्स आर टू पे द रिपेअर फंड फ्रॉम ऑक्टोबर.’ ‘विल’ सोडवत नसेल तर ‘विल हॅव टू पे’ लिहा, तेही शुद्ध आहे.

प्रश्न करताना ‘डू’ घ्यायचा नाही, फक्त जागा बदलायची: ‘आर वी टू पे बाय चेक?’

आता पहिलं वाक्य. ‘टू’नंतर क्रियापद मूळ रूपात येतं, तिसरं रूप थेट येत नाही. मीटिंग स्वतःहून काही करत नाही, ती घेतली जाते. म्हणून कर्मणी हवं आणि कर्मणीसाठी ‘टू’नंतर ‘बी’ हवा: ‘इज टू बी हेल्ड’. (वर ‘बी’ चालत नाही म्हटलं ते ‘टू’च्या आधी. हा नंतरचा आहे.) कर्त्याकडे बोट दाखवून विचारायचं: हा ते काम करणार आहे, की याच्यावर ते काम होणार आहे? काम करणार असेल तर ‘टू’ आणि मूळ रूप. काम होणार असेल तर ‘टू बी’ आणि तिसरं रूप.

हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. ‘मेंबर्स आर टू पे’ म्हणजे सभासदांनी पैसे भरायचे. ‘मेंबर्स आर टू बी पेड’ म्हणजे सभासदांना पैसे द्यायचे. एक ‘बी’ जास्तीचा पडला तर थकबाकीची नोटीस लाभांशाची होऊन बसते. उलटी चूक याहून जास्त दिसते: ‘फॉर्म्स आर टू सबमिट बिफोर फ्रायडे’. फॉर्म काही सादर करत नाही, तो सादर केला जातो. तेव्हा ‘आर टू बी सबमिटेड’, किंवा कर्ता बदलून ‘मेंबर्स आर टू सबमिट द फॉर्म्स’.

चौथं वाक्य बरोबर आहे आणि त्याचा अर्थ बंदी असाच आहे: भाडेकरूंनी गच्ची वापरायची नाही. त्या सभासदांच्या डोक्यात ‘डू नॉट हॅव टू’ आहे. गरज नाही हे सांगायचं असेल तर ‘डू नॉट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’. होकारात ‘हॅव टू’ आणि ‘आर टू’ जवळजवळ येतात म्हणून नकारातही तसंच असेल असं वाटतं, पण तिथे दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. ‘यू आर नॉट टू पे इन कॅश’ म्हणजे रोख देऊ नका. ‘यू डू नॉट हॅव टू पे इन कॅश’ म्हणजे रोखच द्यायला हवं असं नाही, ऑनलाइनही चालेल.

रात्रपाळी

खडूफळांनी रचना सांगितली, मी अर्थाचं बघते.

‘इज टू’ लिहिण्याआधी एवढंच विचारायचं: हे कुणी ठरवलं? कमिटी, कोर्ट, रेल्वे, सरकार, डॉक्टर, साहेब, कुणीतरी ठरवणारं असायला हवं, आणि बहुतेक वेळा ते कर्त्याच्या बाहेरचं असतं. तिसऱ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग इथेच पडतो. वेधशाळा पावसाचा अंदाज देते, पाऊस ठरवत नाही. ‘हेवी रेन इज एक्स्पेक्टेड फ्रॉम थर्सडे’ लिहा. ढग डोक्यावर आलेत आणि बोलताय, तर ‘इट इज गोइंग टू रेन’. दुसरा अर्धा भाग ठणठणीत आहे, कारण गाड्या काढायचं कमिटीने ठरवलंय. त्याच कारणाने ‘द लिफ्ट इज टू ब्रेक डाउन’ होत नाही, पण ‘द लिफ्ट इज टू बी शट फॉर सर्व्हिसिंग’ होतं.

मराठी माणसाची खास अडचण ‘-यचंय’ची आहे. ‘मला बँकेत जायचंय’ यात इच्छा, गरज, बेत सगळं मावतं. त्याचं सरसकट ‘आय ॲम टू गो टू द बँक’ केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला कुणीतरी पाठवलंय. स्वतःचा बेत असेल तर ‘आय ॲम गोइंग टू’, नाइलाज असेल तर ‘आय हॅव टू’, इच्छा असेल तर ‘आय वाँट टू’.

आता मथळे. ‘सीएम टू इनॉगरेट फ्लायओव्हर’ यातला ‘इज’ जागा वाचवायला काढलेला असतो. मथळ्यांची काळाची पद्धतच निराळी आहे: ‘सीएम इनॉगरेट्स’ म्हणजे उद्घाटन होऊन गेलं, ‘सीएम टू इनॉगरेट’ म्हणजे व्हायचंय. परीक्षेत मथळा उलगडायला दिला तर कर्ता एक की अनेक ते पाहून ‘इज’ किंवा ‘आर’ घाला. बातमीच्या मजकुरात मात्र उपसंपादक बहुधा ‘विल’ वापरतात.

दोन खड्डे आहेत. पहिला: ‘रेन टू कंटिन्यू टिल फ्रायडे’ असा मथळा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, मग आमचं तिसरं वाक्य का चूक? मथळ्यातला ‘टू’ कुठल्याही भविष्यासाठी वापरतात, ठरवणारं कुणी असो वा नसो. पूर्ण वाक्यात ती सूट नाही, तिथे ‘इज लाइकली टू कंटिन्यू’ म्हणावं लागतं. दुसरा: ‘मूव्ह टू स्क्रॅप टोल फेसेस हर्डल’. इथे काहीच गाळलेलं नाही, ‘टू स्क्रॅप’ हे ‘मूव्ह’ला चिकटलेलं आहे. ‘टू’च्या आधी माणूस किंवा संस्था असेल तर ‘इज’ गाळलेला असण्याची शक्यता जास्त. प्लॅन, मूव्ह, बिड, ऑर्डर असलं नाम असेल तर आधी पुढे दुसरं क्रियापद आहे का ते शोधा.

‘इज’ गाळायची सवय मथळ्यांपुरती नाही. पाकिटावरचं ‘नॉट टू बी सोल्ड सेपरेटली’, औषधावरचं ‘टू बी टेकन आफ्टर मील्स’, दोन्ही याच घरातली.

ठरावबुक

व्याकरण झालं, आता नोटिशीच्या भाषेचं बोलू. ‘मेंबर्स आर टू’ हे वाक्य चूक नसलं तरी वरून आलेल्या हुकमासारखं लागतं. वॉचमनसाठीच्या सूचनांत चालेल: ‘ऑल व्हिजिटर्स आर टू साइन द रजिस्टर.’ सभासदांना मात्र ते टोचतं, आणि टोचायलाच हवं असेल तर मागे ठराव उभा करा: ‘ॲज रिझॉल्व्ह्ड बाय द जनरल बॉडी, मेंबर्स आर टू...’ म्हणजे ठरवणारा कोण ते दिसतं आणि सचिव फक्त निरोप्या ठरतो. विनंती असेल तर ‘आर रिक्वेस्टेड टू’. न पाळल्यास दंड असेल तर सरळ ‘मस्ट’. विनंती आणि दंड एकाच वाक्यात नकोत.

इतिवृत्तात हा प्रयोग फार कामाचा. अध्यक्ष बोलले ‘फाटक अकराला बंद करा’, ते इंग्रजीत: ‘द चेअरमन सेड दॅट द गेट वॉज टू बी क्लोज्ड ॲट इलेव्हन.’ सांगण्याचा काळ मागे गेला की ‘इज’चा ‘वॉज’ होतो. कुणाला सांगितलं तेही नोंदवायचं असेल तर ‘टोल्ड द वॉचमन टू क्लोज द गेट’ आटोपशीर. ‘रिझॉल्व्ह्ड दॅट’नंतर मात्र नुसता ‘बी’ लिहायची जुनी रीत आहे, ‘रिझॉल्व्ह्ड दॅट द गेट बी क्लोज्ड ॲट इलेव्हन’. तो वेगळा प्रयोग आहे, त्यात ‘टू’ घुसवू नका. कामांच्या रकान्यात ‘इज’ गाळून लिहिलेलं उत्तम: ‘ट्रेझरर टू ऑब्टेन थ्री कोटेशन्स बाय १५ जुलै.’ त्यात माणूस, काम आणि तारीख तिन्ही हवीत. ‘कोटेशन्स टू बी ऑब्टेन्ड’ असं कर्मणी लिहिलं की काम कुणाचं ते गुलदस्त्यात राहतं आणि पुढच्या सभेत तेच वाक्य पुन्हा येतं.

पाचव्या वाक्यावरची चिठ्ठी रास्त आहे. ‘वॉज टू बी क्लीन्ड’ एवढंच सांगतं की तसं ठरलं होतं. पुढे काय झालं, त्याबद्दल ते गप्प आहे. टाकी धुतली असेल तर ‘वॉज क्लीन्ड’. राहून गेली असेल तर ‘द वॉटर टँक वॉज टू हॅव बीन क्लीन्ड लास्ट संडे’ आणि पुढे नवी तारीख. ‘हॅव’नंतर तिसरं रूपच येतं: ‘द काँट्रॅक्टर वॉज टू हॅव कम’, ‘द टँक वॉज टू हॅव बीन क्लीन्ड’. ‘हॅड टू बी क्लीन्ड’ लिहू नका. त्याचा अर्थ धुणं भाग पडलं असा होतो, आणि वाचणारा धुतली असंच समजतो.

जाता जाता: वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात, नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत हवी. ‘इज टू बी हेल्ड’ दुरुस्त करण्याआधी तारीख मोजा.

कोपऱ्यातली_खिडकी

थोडक्यात, ‘वॉज टू’ म्हणजे ठरलं होतं पण झालं नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खडूफळा

@कोपऱ्यातली_खिडकी, नाही, तेवढ्याने फसाल. इतिहास लिहिताना ‘वॉज टू’ बरोबर उलट काम करतो, म्हणजे पुढे हे घडलंच, असं सांगतो. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली. त्यावर ‘द मॉन्युमेंट वॉज टू ओपन ओन्ली इन १९२४’ असं लिहिलं तर ते उघडलं, ४ डिसेंबर १९२४ रोजी. ‘द लास्ट ब्रिटिश ट्रूप्स वेअर टू लीव्ह इंडिया थ्रू द सेम आर्च इन १९४८’, तेही खरंच गेले, २८ फेब्रुवारीला. किंवा रेल्वे घ्या: १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ‘द लाइन वॉज टू रीच कल्याण द फॉलोइंग इयर’, आणि १८५४ मध्ये मार्ग कल्याणला पोचला.

फरक वाक्यात कुठे दिसतो? लिहिणारा एका जुन्या तारखेवर उभा राहून तिच्या पुढचं, त्याला आधीच ठाऊक असलेलं सांगत असतो. सोबत ‘लेटर’, ‘द फॉलोइंग इयर’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली इन’ असे शब्द असतात. ‘ही वॉज नेव्हर टू रिटर्न’ म्हणजे तो परत आला नाही. परत यायला त्याला कुणी बंदी केली असा अर्थ नाही. या वापरात ठरवणारं कुणी शोधत बसायचं नाही, रात्रपाळींची कसोटी इथे लावू नका. टाकीच्या नोटिशीत मात्र ‘लास्ट संडे’ आहे, निवेदन नाही, तिथे ठरावबुक म्हणतात तेच.

दुसरा_मजला_मुलुंड

दोन शंका उरल्या. आमच्याच अहवालात ‘अवर फर्स्ट टास्क विल बी टू रिपेअर द कंपाउंड वॉल’ असं छापलंय आणि ते कुणालाच खटकलं नाही. ‘विल बी टू’ होतच नाही म्हणता, मग हे कसं? आणि सहावं वाक्य राहिलं.

खडूफळा

ते बरोबर आहे, कारण ते वेगळं वाक्य आहे. तिथे ‘बी’ हा बरोबरचं चिन्ह आहे: पहिलं काम = भिंत दुरुस्त करणं. भिंत दुरुस्त करणारं ‘टास्क’ नाही. उलटून पाहा: ‘टू रिपेअर द वॉल विल बी अवर फर्स्ट टास्क’, अर्थ टिकतो. ‘मेंबर्स आर टू पे’ उलटून ‘टू पे आर मेंबर्स’ करा, काहीच उरत नाही. जॉब, ड्यूटी, एम, प्लॅन, टास्क, ड्रीम असे कर्ते असले की बहुधा हा बरोबरीचा प्रकार असतो, आणि त्यात ‘बी’ची सगळी रूपं चालतात: ‘द एम हॅज बीन टू कट कॉस्ट्स’. ‘शी हॅज बीन टू अलिबाग’ हे तिसरंच आहे, तिथे ‘टू’च्या पुढे क्रियापद नसून गावाचं नाव आहे.

सहावं वाक्य आहे तसं ठेवा, ‘इज’च हवा. या ‘इफ’ची चाल नेहमीपेक्षा उलटी असते. नेहमी ‘इफ’मध्ये अट असते आणि मुख्य वाक्यात परिणाम: पाऊस आला तर सामना रद्द. इथे ‘इफ’मध्ये साध्य आहे, आणि ते गाठायला आधी काय करावं लागेल ते मुख्य वाक्यात आहे. मराठीत ‘लिफ्ट गणपतीआधी दुरुस्त व्हायची असेल, तर...’ म्हणतो तेच. म्हणून मुख्य वाक्यात मस्ट, हॅव टू, नीड टू यांपैकी काहीतरी असतं. ‘इफ द लिफ्ट इज टू बी रिपेअर्ड, वी विल बी हॅपी’ लिहिलंत की सांधा निखळतो. तिथे नुसतं ‘इफ द लिफ्ट इज रिपेअर्ड’ हवं.

‘वेअर टू’ निव्वळ कल्पनेसाठी: ‘इफ द लिफ्ट वेअर टू फेल, सीनियर मेंबर्स वुड बी स्ट्रँडेड.’ कर्ता एक असला तरी ‘वेअर’, आणि पुढे वुड, कुड किंवा माइट. बोलण्यात ‘वॉज टू’ ऐकू येतं, लेखी मजकुरात ‘वेअर’च ठेवा. ‘इफ’ काढून ‘वेअर द लिफ्ट टू फेल’ असंही होतं, पण ते वकिली पत्रात शोभतं, लिफ्टच्या दारावर नाही. नो, लाइक, बिलाँग अशा स्थितिदर्शक क्रियापदांना ‘वेअर टू’ सहसा लावत नाहीत. ‘इफ आय वेअर टू नो’ नाही, ‘इफ आय न्यू’.

रात्रपाळी

@दुसरा_मजला_मुलुंड, ‘अबाउट टू’ आणि ‘सपोज्ड टू’वरूनही वाद होईल, म्हणून आधीच सांगते. ‘इज अबाउट टू’ म्हणजे आत्ता, या क्षणी, त्याच्यापुढे ‘टुमॉरो ॲट नाइन’ लावायचं नाही. ‘इज सपोज्ड टू कम’मध्ये ‘यायला हवाय, पण भरवसा नाही’ असा सूर आहे. प्लंबरबद्दल बोलताना योग्य, सभेच्या नोटिशीत नको.

दुसरा_मजला_मुलुंड

शेवटचं एक. तक्रारवहीत ‘द सेक्रेटरी इज टू ब्लेम’ असं कुणीतरी लिहिलंय. वरच्या नियमाने याचा अर्थ ‘सचिवाने दोष द्यायचा आहे’ असा होतो ना? दोष कुणाला द्यायचा ते मात्र लिहिलेलं नाही.

ठरावबुक

नाही हो. दोष सचिवाचा आहे, असंच लिहिलंय. ‘टू ब्लेम’ हा ठरून गेलेला अपवाद आहे: रूप कर्तरी, अर्थ कर्मणी. इमारतींवरच्या ‘टू लेट’ पाटीतही तेच, फ्लॅट स्वतः काही भाड्याने देत नाही. ‘इज टू बी ब्लेम्ड’ही लिहितात, पण रूढ आहे ते ‘इज टू ब्लेम’. कशासाठी ते जोडायचं असेल तर पुढे ‘फॉर’ येतो: ‘इज टू ब्लेम फॉर द डिले’. उत्तर देताना नकार हवा असेल तर ‘द सेक्रेटरी इज नॉट टू ब्लेम’, आणि इथे मात्र त्याचा अर्थ बंदी असा होत नाही.